माया राहिली

घरात त्याला सगळे फौजदार म्हणत. पोलिसात तो नव्हता. विमा कंपनीत दाव्यांचा तपास करायचा. कुणाचं दुकान जळालं, कुणाची गाडी चोरीला गेली, कुणाचं बोट यंत्रात सापडलं, की भरपाई मंजूर व्हायच्या आधी कंपनी त्याला पाठवायची. जळालेलं खरोखर जळालं का, आणि आपोआप जळालं का, एवढंच त्याने शोधायचं. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच्यासमोर बसलेला माणूस चहाचा कप संपायच्या आत अर्धं कबूल करतो, असं त्याचे वरिष्ठ कौतुकाने सांगत. ताईचं मत वेगळं होतं. "याच्याशी बोलायचं तर शेजारी वकील घेऊन बसावं," ती म्हणायची. "परवा मला विचारतो, भाजी खारट झालीय की मीठ जास्त पडलंय? अरे बाबा, दोन्हीचा अर्थ एकच ना!"

आई ताईकडे राहायची. तिची आठवण आता जुन्या कापडासारखी झाली होती. कुठे घट्ट, कुठे बोट घालावं तर आरपार. मुलांची नावं तिला सापडत नसत, पण 'थोरली' आणि 'धाकटा' हे दोन शब्द शाबूत होते आणि ती ते योग्य माणसालाच वापरायची. धाकटा दर रविवारी यायचा आणि तिची नखं कापून द्यायचा. ताईच्या हाताने ती कापू देत नसे. "थोरली घाई करते," म्हणायची.

त्या रविवारी डाव्या हाताची नखं झाली आणि आईने उजवा हात पुढे करायच्या ऐवजी मागे घेतला. त्याच्या हातातल्या नेलकटरकडे बघत ती म्हणाली, "माया राहिली."

"काय?"

"माया राहिली रे. राहूनच गेली."

"कोण माया?"

आईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाकडे बघावं. मग हात पुढे केला. "काप," ती म्हणाली. "पण बघून काप."

त्यानंतर ती तेच म्हणत राहिली. जेवताना, आंघोळीला जाताना, खिडकीत बसल्या बसल्या. "माया राहिली." कधी पुटपुटत, कधी चुकचुकत. रडत नव्हती. दुधावर लक्ष ठेवायचं राहिलं आणि ते उतू गेलं, तर बाई जेवढी हळहळेल तेवढीच ती हळहळायची.

भावोजींनी लगेच निकाल दिला. त्यांची मोटार शिकवण्याची शाळा होती आणि समोरचा चुकायच्या आधीच ब्रेक दाबायची त्यांना सवय होती. "सोपं आहे, मेहुणेबुवा. सासूबाईंनी काहीतरी माया जमवलेली असणार आणि ती गादीत राहिली असणार. चला, आजच उसवू या."

"तिने जे मिळवलं ते या घरात आणि त्या घरात घातलं," ताई म्हणाली. "उसवायचीच असेल तर तुमची गादी उसवा. त्यात निदान तुमचे हरवलेले मोजे तरी सापडतील."

भावोजी हसत बाहेर गेले. ताई कप विसळत राहिली. मग पाठ न वळवता म्हणाली, "मला वाटतं, ती माझ्याबद्दल बोलते."

"तुझ्याबद्दल?"

"माया करायची राहिली, असं. माझ्यावर. तू आलास आणि मी एकदम मोठी झाले. तुला मांडीवर घेऊन ती मला म्हणायची, तू शहाणी आहेस ना, ते भांडं आण. तेव्हापासून मी भांडं आणतेच आहे. आता सगळं विसरताना तिला तेवढं आठवत असेल."

"ती 'माया राहिली' म्हणाली. 'करायची राहिली' नाही म्हणाली."

"लागला लगेच शब्द पकडायला!" ताईने नळ बंद केला. "फौजदारा, प्रत्येक गोष्ट तुझ्या कागदावर बसत नाही."

पण त्याला ते तसंच ऐकू आलं होतं. राहिली, म्हणजे कुणीतरी मागे राहिलं. माया हे नाव होतं. न विचारता माणूस जे बोलून जातो तेच खरं असतं, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा होता. आणि आता त्याच्याकडे वेळ कमी होता. आईला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हळूहळू शब्दही कमी होतील. आहेत तोवर त्यांच्याशी बोलून घ्या." गप्पा मारून घ्या, असं त्यांना म्हणायचं होतं. त्याने ऐकलं ते असं, की पुरावा नष्ट होतो आहे.

वडील जाऊन बराच काळ झाला होता. मामा-मावशी कुणी उरलं नव्हतं. त्याने आईचं कपाट पाहायला घेतलं. शालींच्या घडीखाली एक फोटो मिळाला. तरुण आई कारखान्याच्या फाटकाशी उभी आणि तिच्या कडेवर रिबीन बांधलेली एक लहान मुलगी.

"ही तू का?" त्याने ताईला विचारलं.

ताईने फोटो दिव्याखाली धरला. "छे. माझे कान बघ, लहानपणापासून सुपासारखे. हिचे किती बेताचे आहेत. कुणाची आहे ही?"

"तेच विचारतोय."

"तू आईला विचारणार आहेस." ताईने फोटो परत दिला नाही. "ऐक माझं. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, तिला प्रश्न विचारायचे नाहीत. प्रश्न आला की ती घाबरते, आणि घाबरली की समोरच्याला जे हवं असेल त्याला हो म्हणते. परवा यांनी गमतीने विचारलं, सासूबाई, आज विमानाने आलात ना? तर म्हणाली, हो, फार गर्दी होती."

तो हसला. ताई हसली नाही. शेवटी त्याने तिच्या हातून फोटो काढून घेतला.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आईला आयुष्यभर एक माणूस हवं होतं आणि ते आपण शोधून आणून तिच्यासमोर उभं करू, असं त्याला वाटत होतं. इतकी वर्षं परक्यांच्या खोट्याच्या मागे धावलो, निदान एकदा घरातल्या खऱ्याच्या मागे धावू. आणि एखादं गाठोडं सोडवल्याशिवाय त्याला झोप येत नसे, हेही तितकंच खरं होतं.

पुढच्या आठवड्यात ताई आणि भावोजींना एका ओळखीच्यांकडे भेटायला जायचं होतं. "मी बसतो आईजवळ," तो म्हणाला. ताईने दारात चपला घालता घालता त्याच्याकडे नीट पाहिलं. "नुसता बस," ती म्हणाली.

त्याने चहा केला. आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि आपण समोर बसला. तिरकं बसायला हवं होतं. समोर बसलं की माणूस दबतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच कामावर तो समोर बसायचा.

कामाची त्याची रीत ठरलेली होती. एकच गोष्ट तीनदा विचारायची. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा आडवळणाने, आणि तिसऱ्यांदा, ती झालीच आहे असं गृहीत धरून.

"आई, माया कोण?"

"कोण?"

"माया. राहिली म्हणतेस ती."

"हां, राहिली." ती चुकचुकली. "माझ्याकडूनच राहिली. दुसऱ्या कुणाचा दोष नाही."

"तू कामाला जायचीस तेव्हा माया कुठे असायची?"

"आत असते ना." आई त्याला समजावत म्हणाली. "आतल्या बाजूला. बाहेरून दिसत नाही कुणाला."

त्याने कप खाली ठेवला. लपवून ठेवलेली. "केवढी होती?"

आईने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवली. "एवढीशी. एवढीशीच असते. पण ठेवायला लागते रे. नाही ठेवली तर पुढे काही करता येत नाही."

एवढीशी, म्हणजे नुकती जन्मलेली. कामावर असता तर या ठिकाणी तो थांबला असता, पाणी मागवलं असतं, समोरच्याला श्वास घेऊ दिला असता. पण ताई परत यायची वेळ होत होती. तो पुढे सरकला.

"तिला दिलीस का?" असं त्याने विचारायला हवं होतं. 'का' एवढं एकच अक्षर. ते असलं की समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा राहते. तो म्हणाला, "तिला कुणाला दिलीस, आई?"

"दिली?"

"कुणाला दिलीस?"

आई त्याच्या चेहऱ्याकडे बघू लागली. ती नजर त्याने शेकडो वेळा पाहिली होती. साहेबांना काय ऐकायचं आहे, ते साहेबांच्या तोंडावरून वाचू पाहणाऱ्या माणसाची नजर.

"बाईंना?" ती म्हणाली.

"कुठल्या बाईंना? दवाखान्यातल्या?"

"दवाखान्यातल्या."

"मुलगी होती ना?"

"मुलगी होती." ती थांबली. खुर्चीचा हात तिने घट्ट धरला. "माझी मुलगी?"

"हो, आई."

"मी दिली?"

माणूस कबुलीपाशी आला की आपण गप्प बसायचं, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. त्या शांततेत आईचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी गोंधळ, मग भीती, आणि मग भिंत खचावी तसं काहीतरी. ती रडायला लागली. वडील गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखी, हुंदक्यांनी ती रडत होती. तो उठून तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला. तिच्या दुःखाने त्याचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात, सापडलं, असंही वाटत होतं.

ताईला आईच्या डोळ्यांवरूनच कळलं. "विचारलंस ना?"

"आपल्याला एक बहीण आहे, ताई."

ताई पर्स खांद्याला तशीच ठेवून खुर्चीत बसली. सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे मी थोरलीही नाही कदाचित." आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला फौजदार आल्याचं आठवत नव्हतं. चहा, खिडकी, प्रश्न, काहीच नाही. पण जाग आली ती रडतच. "माझी मुलगी कुठाय?" ताई म्हणाली, ही काय मी. "तू थोरली. दिलेली कुठाय?" त्याच्या पुढच्या दिवशी तेच, त्याच्या पुढच्याही दिवशी तेच. तिचं जेवण सुटलं. रस्त्यावर लहान मूल रडलं तरी ती दार उघडायला धावायची. डॉक्टरीणबाईंनी ताईला सांगितलं, "काय घडलं ते यांच्याजवळ टिकत नाही. काय वाटलं, ते टिकतं. कुणी यांना काही सांगितलंय का?" ताईने मान खाली घातली. भावाचं नाव तिने घेतलं नाही.

तो मात्र कामाला लागला. मुलगी सापडली की हे रडणं थांबेल, असं तो स्वतःला सांगत होता. दवाखान्यांमध्ये जुनी कागदपत्रं उरली नव्हती, आणि जिथे होती तिथे आईचं नाव नव्हतं. मग त्याने फोटो पुन्हा काढला. मुलीऐवजी मागच्या फाटकाकडे पाहिलं आणि तो एका गोष्टीपाशी अडला. आई कारखान्यात कामाला होती, गणवेश शिवण्याच्या कारखान्यात, कटिंगला. यापलीकडे त्याला काही माहीत नव्हतं. घरात शिलाई मशीन कधीच नव्हतं. "दिवसभर कापडच बघते, घरात सुईसुद्धा नको," ती म्हणायची. शर्टाची तुटलेली बटणं वडील लावायचे. जळालेल्या कापडाच्या दुकानांत जाऊन त्याने किती मालकांना विचारलं होतं, कापड कसं येतं, कसं रचतात, कुठे ठेवतात. आईला, तू दिवसभर काय करतेस, असं एकदाही विचारलं नव्हतं.

ताईला एक नाव आठवलं. नाव कसलं, आई तिला 'तोफ' म्हणायची. कटिंगच्या खोलीवर देखरेख करणारी सुपरवायझर. आवाज असा की मशीनं चालू असताना तिसऱ्या खोलीत ऐकू जायचा.

कारखान्याच्या जागी आता फरशांचं गोदाम होतं, पण तोफ तिथून फार लांब गेली नव्हती. दोन गल्ल्या सोडून तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. आवाजावरूनच सापडलं.

"कटिंगबाईंचा पोरगा ना तू?" त्याने तोंड उघडायच्या आधीच ती गरजली. "नाक तेच आहे. बस. त्या ढिगावर बस, ती गिऱ्हाइकं न्यायला येत नाहीत. आई कशी आहे?"

त्याने थोडक्यात सांगितलं. तोफेचा आवाज खाली आला, म्हणजे साधारण माणसांइतका झाला. त्याने फोटो पुढे केला. "ही कोण, आठवतं का तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? माझी पोरगी! हिला कामावर घेऊन यायचे मी, आणि ही पोर तुझ्या आईच्या कडेवरून उतरायची नाही. आता हिचा स्वतःचा पोरगा मिशा कोरतो."

"मग माया कोण?"

"कुठली माया?"

"आई सारखी म्हणते. माया राहिली. माया ठेवायची राहिली."

तोफ क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग ती जी हसत सुटली, ती गळ्यातली टेप खाली पडेपर्यंत हसली. "अरे पोरा! माया कोण, असं नाही विचारायचं. माया किती, असं विचारायचं!"

तिने हाताशी असलेली एक पँट उलटी केली आणि शिवण त्याच्या नाकासमोर धरली. "हे बघ. शिवणीच्या आत हे जास्तीचं कापड सोडलंय ना, याला माया म्हणतात. बाहेरून दिसत नाही. पण माणसाचं पोट सुटलं की हीच कामाला येते. उसवायचं आणि सैल करून द्यायचं. मायाच ठेवली नाही तर टाका धरणार कशाला? कटिंगबाईचा मुलगा तू, आणि एवढं माहीत नाही?"

"किती ठेवायची असते?" त्याने विचारलं.

तोफेने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवली. "एवढीशी."

तो त्या दोन बोटांमधल्या फटीकडे बघत राहिला.

"एकदाच चुकली ती," तोफ सांगू लागली. "कंडक्टरांचे शर्ट होते. कापडाचे थरावर थर लावायचे, वर कागदी नमुना ठेवायचा आणि सगळे थर एकदम कापायचे. नमुने दोन तऱ्हेचे. एकात माया धरलेली असते, दुसऱ्यात आपण सोडायची असते. हिने दुसरा घेतला आणि पहिल्यासारखा कापला. अख्खा गठ्ठा गेला! मालक बोंबलला. मी त्याच्याहून मोठ्याने बोंबलले. शेवटी सगळे शर्ट एक माप खाली उतरवून शिवले. जाड कंडक्टरांचे बारीक कंडक्टरांना गेले, झालं! महिनाभर आम्ही तिला चिडवायचो, कटिंगबाई, माया ठेवा हो थोडी. पहिल्यांदा चिडायची, मग तीही हसायची."

"कशामुळे झालं तसं?"

"कात्रीपाशी उभं राहिलं की डोकं घरी ठेवून चालत नाही. त्या दिवशी तिचं राहिलं असेल घरी. का, ते मी विचारलं नाही." तिने पँट सरळ करून घडी घातली. "एवढ्यासाठी इथवर आलास होय? तिलाच विचारायचं की."

"विचारलं," तो म्हणाला.

त्याने तिच्याकडून ती पँट मागून घेतली. तोफ म्हणाली, गिऱ्हाइकाची आहे, उद्या परत आणून दे.

ताईला त्याने स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सांगितलं. ती ऐकत गेली, आणि 'कंडक्टर' शब्दापाशी तिला हसू फुटलं. मग ते हसू कुठेतरी अडलं.

"अर्धा इंच कापड," ती म्हणाली. "आणि मी या वयात मनात कुढत बसले, की आईची माझ्यावर माया करायची राहिली." तिने डोळे पुसले. "आणि तू. तू तिला एक पोर देऊन बसलास, फौजदारा. आता ते परत कसं घेणार आहेस?"

"समजावून सांगतो."

"तिला?"

तो पँट घेऊन आईच्या खोलीत गेला. आई पलंगावर बसली होती. त्याला पाहताच तिने पाय जवळ घेतले आणि पदर सावरला.

"साहेब," ती म्हणाली, "सगळं सांगितलं मी."

तो दारातच थांबला. गेले काही दिवस ती त्याला कसलीच हाक मारत नव्हती, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं. 'धाकटा' म्हणेनाशी झाली आहे, हे आत्ता आलं. तो जमिनीवर बसला, तिच्या पायांपाशी, तिरका, आणि पँट उलटी करून शिवण तिच्या मांडीवर ठेवली. बोलला काही नाही.

आईचे हात आपोआप पुढे आले. बोटांनी शिवण चाचपली, अंगठ्याच्या पेराने तिची रुंदी पाहिली, टोकापर्यंत गेली आणि परत आली. तिचा चेहरा निवळला. इतका निवळलेला चेहरा त्याने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "बरोबर आहे," ती म्हणाली. "चांगला हात आहे कुणाचा तरी. ठेवलीय माया."

"हो ना, आई? हीच ना माया?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"माया," आई म्हणाली. बोटं थांबली. तो शब्द तिने पुन्हा उच्चारला, आणि या वेळी तो कापडावरून उठून दुसरीकडेच गेला. "माझी माया. एवढीशी होती हो, साहेब. मी देऊन टाकली तिला."

पँट तिच्या मांडीवरून खाली घसरली. त्याने बोलायचा प्रयत्न केला. तसं काही झालं नव्हतं, आई, मुलगी नव्हतीच. पण हे साहेब आपली मुलगी होती हेसुद्धा नाकारतायत, एवढंच तिला कळलं आणि तिचं रडणं आणखी वर चढलं. दारात ताई येऊन उभी राहिली होती. तिने त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. पलंगावर आईला चिकटून बसली, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि एक मोठा श्वास घेऊन म्हणाली,

"रडू नकोस. आले मी. मीच माया."

आईने मान वर करून तिचा चेहरा पाहिला. गालांवरून, कानांवरून, केसांवरून हात फिरवला. थोरलीचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता. निदान थोरलीला तसं आठवत नव्हतं.

"किती मोठी झालीस ग," आई म्हणाली. "जेवलीस का?"

तेव्हापासून घरात तेच चालू आहे. रोज माया नव्याने येते, रोज आई तिला नव्याने सापडते. थोरली कुठे गेली, असं आई विचारत नाही. भावोजींना ते आधी पटलं नव्हतं. "रोज उठून खोटं बोलायचं म्हणजे…" ते म्हणाले. ताईने त्यांना म्हटलं, "माझ्या नावाने नसेल मिळत, पण मिळतंय. तुम्ही मध्ये ब्रेक दाबू नका." ती हे हसत म्हणाली, पण त्यानंतर तिच्याशी कुणी वाद घातला नाही.

तो अजूनही रविवारी येतो. आईच्या खोलीत जात नाही. गेला की ती सावरून बसते, विचारलं नसताना सांगू लागते, आणि दर वेळी त्या गोष्टीत एखादी नवी भर पडते. कधी दवाखाना, कधी पाऊस, कधी दारात उभा असलेला माणूस. त्याच्या प्रश्नांनी जे सुरू झालं त्याला आता त्याच्या प्रश्नांची गरज राहिलेली नाही. म्हणून तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसतो. तिथून आतलं ऐकू येतं. आई मायाला सगळं सांगते. कापडाचा गठ्ठा सोडला की कसा वास येतो. कात्री कशी बसून नाही, उभं राहूनच धरायची. पगाराच्या दिवशी त्या सगळ्या मिळून कुठे भजी खायला जात आणि तोफ कशी दुसऱ्यांच्या ताटातलं खायची. त्याने आयुष्यात कधी न विचारलेलं सगळं ती कुणी न विचारता सांगत असते, आणि तो चमचासुद्धा वाजू देत नाही.

परवा ताईने मुद्दाम मोठ्याने विचारलं, "आणि तुझा धाकटा? तो काय करतो?"

त्याने मान आतल्या दाराकडे वळवली.

"तो फार हुशार आहे," आई म्हणाली. "पण त्याला काही सांगत नाही मी. लहान आहे अजून. उगीच प्रश्न विचारत बसेल."

ताई काहीतरी हसून बोलली. नेलकटरचा टकटक आवाज येऊ लागला. आता ती मायाच्या हाताने नखं कापू देते. तो ऐकत राहिला. मग उठून, चपला हातात घेऊन, दार वाजणार नाही असं ओढून घेत बाहेर पडला.